पॉडकास्टमध्ये केळे आणि लवंग, बाटलीत मात्र ओला पुठ्ठा: जर्मन बिअरची चव ओळखायची कशी?

मोटारवाला (भुसावळ)

नमस्कार मंडळी.

माझे भुसावळला मोटार रिवायंडिंगचे लहानसे दुकान आहे. उन्हाळ्यात केळीच्या बागांवरच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी रांगेने येतात आणि दिवसाचे दहा-बारा तास त्यांच्याच संगतीत जातात. तारेचे वेढे मोजताना कानाला काही लावता येत नाही, कारण मोजणीत चूक झाली की सगळे वाइंडिंग उकलावे लागते. परंतु जळकी तार उपसताना किंवा वार्निश वाळत असताना कान मोकळे असतात. तीन वर्षांपूर्वी जुन्या फ्रिजला बाहेरून तापमान नियंत्रक कसा जोडतात हे शोधत असताना एका अमेरिकी पॉडकास्टचा भाग हाती लागला. त्यातले गृहस्थ तो नियंत्रक घरी बिअर आंबवण्यासाठी जोडत होते. वायरिंग दहा मिनिटांत समजले, ऐकण्याची सवय मात्र तेव्हापासून लागली ती लागलीच.

आता मी '‌बेसिक ब्रूइंग रेडिओ' हा २००५ पासून चालत आलेला कार्यक्रम ऐकतो, जॉन पामर आणि जमिल झायनाशेफ यांच्या 'ब्रू स्ट्राँग'चे जुने भाग ऐकतो, आणि एकाच बिअरच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवून तपासणाऱ्या 'ब्रूलॉसॉफी'चेही बरेच भाग ऐकून झाले आहेत. सुरुवातीला गॅलन आणि फॅरनहाइट यांनी घाम काढला. पाच गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर, म्हणजे आपला पाण्याचा जार, एवढे बसवून घेतल्यावर बरेचसे सोपे झाले. गव्हाच्या जर्मन बिअरवरील एका भागात सांगितले होते की, दळलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, काही वेळ ११३ अंश फॅरनहाइटवर ठेवले तर पुढे लवंगेचा गंध वाढतो. मी कागदावर हिशेब मांडला तर उत्तर ४५ अंश सेल्सिअस आले, म्हणजे आमच्याकडची मे महिन्यातली दुपार. त्या दिवशी दुकानात एकटाच हसलो.

माझी अडचण आता सांगतो. हेफेवायझन या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो हे मी निरनिराळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, न पिताच मला ती पाठ झाली होती. मागच्या महिन्यात जळगावच्या एका दुकानात आयात केलेली एक बाटली दिसली. किंमत ऐकून क्षणभर थांबलो, पण घेतली. घरी आणून बर्फासारखी गार केली, स्टीलच्या पेल्यात ओतली, आणि पहिल्याच घोटाला पावसात भिजलेल्या पंपाच्या खोक्याला येतो तसा वास आला. केळे नाही, लवंग नाही, निव्वळ ओला पुठ्ठा. ज्या केळ्यांच्या मुलखात जन्म गेला तेथील माणसालाच केळे ओळखता येऊ नये, याचे जरा वाईट वाटले.

तेव्हा जाणकारांना विचारतो. दोष माझ्या जिभेचा आहे की बाटलीचा? आणि घरी करून पाहणे शक्य नसलेल्या, आसपास मोजक्याच बाटल्या मिळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हेलेस, डुंकेल, बॉक, क्योल्श ही जी नावे रोज कानावर पडतात त्यांतला फरक जिभेने शिकायचा तर कोठून सुरुवात करावी?

शीतगृह (सावदा)

मोटारवाले भाऊ, तुमची जीभ उत्तम आहे. तुम्ही जे ओळखले तेच त्या बाटलीत होते.

माझा व्यवसाय केळी पिकवण्याच्या चेंबरचा आहे, त्यामुळे माल कोठे आणि किती दिवस पडून होता हे वासावरून ओळखण्याची सवय आहे. बिअर जुनी झाली आणि उष्णतेत राहिली की, आत उरलेल्या थोड्याशा प्राणवायूमुळे तिच्यात जे पदार्थ तयार होतात त्यांतील एकाचा वास हुबेहूब ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो. त्याच काळात केळ्याचा गंध देणारा पदार्थही विरत जातो. म्हणजे तुमच्या बाटलीत नको ते आले आणि हवे ते गेले. ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. जर्मनीतून बोटीने मुंबई, तेथून गोदाम, तेथून ट्रकने जळगाव, आणि मग पत्र्याखालच्या दुकानात आणखी काही महिने, एवढा प्रवास घडलेल्या नाजूक बिअरकडून केळ्याची अपेक्षा करणे म्हणजे रावेरहून काश्मीरला उघड्या ट्रकने पाठवलेला घड ताजा निघावा अशी इच्छा धरण्यासारखे आहे.

यापुढे बाटली हातात घेतली की प्रथम तारीख पाहावी. गव्हाची बिअर, हेलेस, पिल्स असल्या फिकट, हलक्या शैली जितक्या ताज्या तितक्या चांगल्या. गडद आणि तीव्र डॉपेलबॉक त्या मानाने वय सोसते, म्हणून आपल्या हवामानात दुरून आलेली बाटलीच घ्यायची असेल तर तिच्यावर पैसे लावणे कमी धोक्याचे. दुसरी गोष्ट काचेची. सूर्यप्रकाश किंवा ट्यूबलाइटचा उजेड हॉप्स या बिअरमध्ये घालतात त्या फुलांमधील कडू घटकांवर पडला की एक उग्र, गंधकी वास निर्माण होतो. तपकिरी काच तो बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फारसा अडवत नाही, आणि डब्यात तर प्रश्नच उद्भवत नाही. दुकानदार दर्शनी फळीवर मांडलेली बाटली मोठ्या कौतुकाने पुढे करतो. तुम्ही मागे फ्रिजमध्ये पडलेली मागावी.

एक दोष मात्र तुमच्या पदरात घालतो. बर्फासारखी गार करून, स्टीलच्या पेल्यातून, हे तुमचे चुकलेच. अति थंडीत गंध वर येत नाही. पिकवणी खोलीतून काढलेला घड आणि फ्रिजमधून काढलेले केळे यांचा वास शेजारी शेजारी घेऊन पाहा. हेफेवायझन सात-आठ अंशांवर, उंच काचेच्या ग्लासात ओतावी. ग्लास आधी पाण्याने ओला करावा, तिरका धरून सावकाश ओतावे, तळाशी दोन बोटे बिअर राहिली की बाटली गोल फिरवून खाली बसलेले यीस्ट उठवावे आणि मग तेही ग्लासात घ्यावे. जर्मन भाषेत 'हेफे' म्हणजे यीस्टच. ते बाटलीत टाकून दिले तर नावातला अर्धा भाग फेकल्यासारखे होईल.

नवापूर पॅसेंजर

घरी करून पाहणे शक्य नाही, हे तुम्ही प्रश्नातच लिहिले ते बरे केले, नाहीतर या धाग्यावर लगेच कोणी कृती विचारली असती. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि 'विकत नाही, घरापुरतेच करतो' ही सबब तेथे चालत नाही. अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलून घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे. तुम्ही ऐकता ते सगळे पॉडकास्ट त्या मोकळिकीतून उगवलेले आहेत. आपण ते ऐकावेत, समजून घ्यावेत, आणि प्यायची ती परवान्याच्या जागी प्यावी. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो, हेही येथे वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी नोंदवून ठेवतो.

माझ्या गावाचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एका बाकावर बसून हेलेसवरचा भाग ऐकला तर तो कायदेशीर आणि दोन डबे पुढे जाऊन ऐकला तर तोही कायदेशीर. बाटलीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

खापर (धुळे)

मी बिअर पीत नाही, हे आधीच सांगते. माझे पती पितात आणि पॉडकास्ट आम्ही दोघे ऐकतो, कारण मला धान्याच्या प्रक्रियेत रस आहे. महाविद्यालयात मी अन्नशास्त्र शिकवले आहे. भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात बरेचसे सापडते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यासाठी काही आंबवावे लागत नाही.

पूजेच्या सामानाच्या दुकानातून सालासकट जव आणावेत. किराणा दुकानातले सोललेले जव मोड धरत नाहीत. एक दिवस भिजवावेत, मधून पाणी बदलावे, मग ओल्या पंचात बांधून सावलीत ठेवावेत, म्हणजे तीन-चार दिवसांत मुळ्या फुटतात. नाचणीचे सत्त्व करताना आपण जे करतो तेच हे. कडक उन्हात वाळवून मुळ्या चोळून काढल्या की झाले माल्ट. एक दाणा तोंडात धरून सावकाश चावा. आधी पिठूळ लागतो आणि मग हळूहळू गोडवा येतो, कारण मोड येताना दाण्यात जी विकरे जागी होतात ती पिष्टाची साखर करतात. हाच फिकट पिल्सनर माल्टचा स्वभाव. आता त्यातले मूठभर जव तव्यावर मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा आणि चावून पाहा. भाकरीचा पापुद्रा सुटून त्याला जो खरपूस डाग पडतो, नेमकी तीच चव. पॉडकास्टमध्ये म्युनिक माल्टचे वर्णन करताना पावाच्या कडेची उपमा देतात. आपल्याकडे पावाची कड कोणाच्या लक्षात राहते? कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा म्हणा, लगेच ध्यानात येईल. तिसरी मूठ काळी होईपर्यंत भाजली की कॉफीची कडू चव येते, आणि श्वार्त्झबिअर नावाच्या काळ्या बिअरमध्ये तिचा हलकासा स्पर्श असतो. हेलेस, डुंकेल आणि श्वार्त्झ ही तीन नावे म्हणजे अनुक्रमे उजळ, गडद आणि काळी. तीन वाट्यांत तीन प्रकारचे जव ठेवून आम्ही ती पाठ केली.

केळ्याबद्दल शीतगृह यांनी लिहिलेच आहे. यीस्ट आंबवताना जो आयसोअमिल ॲसिटेट नावाचा पदार्थ तयार करते, तोच पिकलेल्या केळ्यातही असतो. हिरव्या सालीच्या केळ्याचा वास घेऊ नये, सालीवर काळे ठिपके पडू लागले की घ्यावा. लवंगेची गोष्ट थोडी वेगळी आहे. बिअरमधील तो पदार्थ आणि प्रत्यक्ष लवंगेतील युजेनॉल हे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, एकच नव्हेत. म्हणून लवंग दाताखाली धरून मिळणारी झणझणीत चव बिअरमध्ये शोधू नका. मसाल्याच्या डब्याचे झाकण उघडल्यावर दुरून येतो तेवढाच तो गंध असतो.

आणि जर्मनीतल्या बांबेर्गच्या राउखबिअरसाठी, म्हणजे धुराच्या बिअरसाठी, तर आपल्या खानदेशाइतकी उत्तम शाळा नाही. तेथे माल्ट बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. आपण भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतो. लाकूड निराळे, तरी धुराचा गंध वस्तूच्या आत शिरतो म्हणजे काय होते, हे गॅसवर वांगे भाजणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागते, आपल्याला नाही.

ऱ्हाइनकाठचा अमळनेरकर

खापरताई, तुमचा भरताचा दाखला मी येथील मित्रांना सांगणार आहे. बांबेर्गमध्ये राउखबिअरचा पहिला घोट घेतला तेव्हा माझ्या तोंडून 'अरे, हे तर भरीत' असेच निघाले होते, आणि ते कोणाला समजावता आले नव्हते.

मी सहा वर्षांपासून क्योल्न (कोलोन) शहरात नोकरीनिमित्त राहतो. मोटारवाले भाऊंनी क्योल्श लिहिले आहे म्हणून सांगतो. हे बिअरचे नाव आहे आणि येथील बोलीचेही नाव आहे. आपल्याकडे अहिराणी नावाचे एखादे पेय असावे तसे. इथले लोक विनोदाने म्हणतात की, पिता येईल अशी बोली जगात एकच आहे. १९८६ साली येथील ब्रुअरींनी करार करून क्योल्श कशाला म्हणावे हे ठरवून घेतले, आणि युरोपीय कायद्यानेही त्या नावाला संरक्षण आहे. तुमच्या कार्यक्रमांत बोलणारे अमेरिकी लोक घरी करतात ती फार तर क्योल्शसारखी बिअर असते. ती दिसायला लागरसारखी, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरसारखी, स्वच्छ, फिकट सोनेरी असते. प्रत्यक्षात ती वरच्या, उबदार तापमानाला आंबवणाऱ्या यीस्टने करतात आणि नंतर थंडीत मुरवतात. २०० मिलिलिटरच्या सडपातळ सरळ ग्लासात देतात. वाढपी, ज्याला येथे क्योबेस म्हणतात, तुमचा ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर ती चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्या संध्याकाळी सात रेघा झाल्या, कारण वाढणाऱ्याला नाही म्हणणे आपल्या पंगतीत वाढलेल्या माणसाला जमत नाही.

शेजारच्या ड्युसेलडोर्फची आल्टबिअर तांबूस आणि अधिक कडू असते. 'आल्ट' म्हणजे जुनी, म्हणजे लागरच्या आधीच्या जुन्या रीतीची. या दोन गावांत एकमेकांची बिअर मागणे हा धाडसाचा भाग आहे. जळगावात बसून धुळ्याची शेवभाजी बरी असे म्हणून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

नावे लक्षात ठेवण्याची एक युक्ती सांगतो. बॉक ही तीव्र बिअर मूळची उत्तरेकडील आइनबेक गावाची. दक्षिणेकडील बव्हेरियाच्या उच्चारात गावाचे नाव मोडत मोडत 'बॉक' झाले, आणि जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकड. म्हणून तिच्या लेबलवर बोकड असतो. मराठी माणसाला हे पाठ करण्याचे कष्टच नाहीत. डॉपेलबॉक म्हणजे दुहेरी बॉक. ती म्युनिकच्या पाउलानर मठातली, आणि उपवासाच्या दिवसांत पातळ भाकरी म्हणून भिक्षू ती पीत, असे तेथे सांगतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, याला जर्मन पुरावा सापडला म्हणून मी आईला फोन केला होता.

वर जर्मन बिअरच्या यादीत पिल्सही आली आहे, म्हणून एक दुरुस्तीही करतो, राग नसावा. पिल्सनर मूळची जर्मनीची नव्हे. ती १८४२ साली बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक देशातील, प्ल्झेन गावी जन्मली. करणारा योसेफ ग्रोल मात्र बव्हेरियाचा होता. तिथले पाणी अत्यंत मृदू आहे आणि फिकट माल्टला ते मानवते. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट अधिक, म्हणून तेथे आधी गडद डुंकेल रुजली, कारण भाजलेल्या माल्टची आम्लता त्या पाण्याला तोलून धरते. अमळनेरला आमच्या बोअरच्या पाण्याने कुकरच्या तळाशी पांढरा थर धरत असे. पाण्यावरचा भाग ऐकताना मला तो कुकर डोळ्यांपुढे येतो आणि वाटते की, आपल्या भागाच्या नशिबी निसर्गाने डुंकेलच लिहिली असती.

उकाड्याबद्दलही थोडे लिहितो, कारण भाऊंना ४५ अंशांचे हसू आले होते. लागरचे यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांवर काम करते. बव्हेरियात १५५३ च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई होती, कारण उन्हाळ्यात ती नासत असे. मार्चमध्ये करून तळघरात बर्फावर ठेवलेली ती मेर्त्सन. तळघराच्या डोक्यावर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली आणि लोक त्यांच्याखालीच बसू लागले. १८१२ साली राजाने तेथे बिअर विकण्याची मुभा दिली, जेवण मात्र विकू दिले नाही. म्हणून आजही म्युनिकच्या कित्येक बिअरबागांत माणसे घरून शिदोरी घेऊन येतात. कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याचे शीतयंत्र १८७० च्या दशकात आले आणि ऋतूंचे बंधन सुटले. तुम्ही ज्या फ्रिजच्या नियंत्रकापासून सुरुवात केली, त्याचा मूळपुरुष असा ब्रुअरीतच आहे.

शीतगृह (सावदा)

अमळनेरकर, तळघर आणि झाडे हे वाचून आमची केळी पिकवण्याची जुनी भट्टी आठवली. असो, विषयांतर नको.

भाऊ, ब्रूलॉसॉफीवाले करतात तो तीन ग्लासांचा प्रयोग तुम्हीही करून पाहा. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा आणि चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास कोणता एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येते, म्हणून एकदा जमले म्हणून फुशारून जाऊ नये. पाच-सहा फेऱ्या कराव्यात. त्यांच्या कित्येक प्रयोगांत चाखणाऱ्यांना फरक ओळखता आलेला नाही, हे ते प्रामाणिकपणे सांगतात. मला त्या कार्यक्रमातले हेच सर्वांत आवडते.

मोटारवाला (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण केळीवाल्यांच्या मोटारी थांबत नव्हत्या.

खापरताई, तिन्ही वाट्या केल्या. काळे जव जरा जास्तच जळाले आणि घरात दोन दिवस वास राहिला, तो भाग सोडला तर भाकरीच्या पापुद्र्याची चव अगदी तुम्ही सांगितली तशीच. आता पॉडकास्टमध्ये म्युनिक माल्ट म्हटले की मला पुस्तकातला शब्द ऐकू येत नाही, दाढेखाली दाणा फुटल्यासारखे होते. तीन ग्लासांचा प्रयोगही केला. दोन देशी लागर घेतल्या. ओतण्याचे काम सौभाग्यवतींनी केले आणि सहापैकी दोनच फेऱ्या बरोबर आल्या, म्हणजे निव्वळ अंदाज. ज्या दोहोंपैकी एक मी वर्षानुवर्षे ठामपणे चांगली म्हणत आलो, त्यांच्यात मला फरकच कळत नव्हता.

तांब्याच्या तारेच्या खरेदीसाठी मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो. तेथे मायक्रोब्रुअरीत हेफेवायझन तिथल्या तिथे तयार होते, म्हणून मेहुण्याला घेऊन गेलो. ग्लास आला तो गढूळ, पिवळट, वर चार बोटे फेस. मी मुद्दाम काही बोललो नाही आणि घोटही घेतला नाही, नुसते नाक नेले. केळे आले. सालीवर ठिपके पडलेले, आमच्या दुकानासमोर गाडीवर दुपारभर उन्हात राहिलेले केळे. लवंग मात्र सापडेना. अर्धा ग्लास संपला, बिअर थोडी कोमट झाली, तेव्हा मसाल्याच्या डब्याचे झाकण कोठेतरी दूर उघडल्यासारखे वाटले, तेही क्षणभर.

मेहुण्याला पॉडकास्टचा गंध नाही. त्याने आपल्या ग्लासाचा वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि वेटरला बोलावून सांगितले की, ग्लास नीट विसळलेला नाही, याला शिकरणीचा वास येतो आहे.